जकातीची भिंत आणि चाकणचे गेट

सप्टेंबर २०२५ मधली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी रात्री नऊच्या सुमारास घरी आला. रात्रशाळेत मी त्याला इतिहास शिकवला होता. पुढे तो चाकणजवळ महाळुंग्याच्या एका मशीनशॉपमध्ये ठेकेदाराकडून कामाला लागला. त्या दिवशी दुपारी गेटवर त्याचा पास काढून घेतला होता. "सर, ब्रेक दिला," एवढेच तो म्हणाला. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात 'ब्रेक' म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. कामावरून काढले असे कागदावर कुठेच येत नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून हजेरी लागत नाही. सुपरवायझरने त्याला कारण सांगितले होते की अमेरिकेची ऑर्डर थांबली, ट्रम्पने जकात वाढवली. चहा संपल्यावर पोराने मला विचारले, "सर, मी ट्रम्पचं काय घोडं मारलंय?"

प्रश्न विनोदाने विचारलेला होता, पण मला तो पुरला नाही. इतिहासाच्या मास्तराला कुणी असे विचारले की त्याने दोन-चार पुस्तके काढून बसावे, आणि मी बसलो. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतूनही अमेरिकेच्या अध्यक्षांची तुलना जोरात चालली होती. हूव्हरने १९३० साली जकात वाढवली आणि जग मंदीत बुडाले, आता हेही तेच करीत आहेत, असा एका बाजूचा सूर. दुसरी बाजू मॅकिन्लेचे दाखले देऊन जकातीने राष्ट्र श्रीमंत होते म्हणत होती. या दोन्ही तुलना माडीवरून केलेल्या आहेत. अध्यक्ष, संसद, शेअरबाजार, निर्यातदार एवढीच त्यांतली पात्रे. गेटवर ज्याचा पास काढला जातो तो माणूस त्यांत नाही. अमेरिकेतला नाही आणि आपल्याकडचाही नाही.

आधी 'जकात' या शब्दाबद्दल थोडेसे. पिंपरी-चिंचवडच्या माणसाला हा शब्द परका नाही. २०१३ पर्यंत शहराच्या वेशीवर महापालिकेचे जकातनाके होते. ट्रकच्या रांगा लागत, पावत्या फाटत. श्रीमंत महापालिका म्हणून आमचे शहर मिरवत होते ते त्या पैशावर. लोखंड आणणारा मालक नाक्यावर पैसे भरी, पण ते तो आपल्या खिशातून भरत नसे. काही तो गिऱ्हाईकाच्या भावात चढवी, काही लोखंडवाल्याकडून सूट म्हणून काढी, आणि जे उरे ते हाताखालच्या माणसाच्या ओव्हरटाइममध्ये जिरवी. देशाच्या वेशीवरची जकातही तशीच चालते. अमेरिकेचे अध्यक्ष म्हणतात की परदेश पैसे भरतो. बंदरावर पैसे भरतो तो अमेरिकेतला आयातदार. मग तो चाकणच्या पुरवठादाराला पत्र पाठवतो की भाव उतरवा. पुरवठादार भोसरीच्या जॉबवर्कवाल्याला फोन करतो. जॉबवर्कवाला ठेकेदाराला सांगतो. ठेकेदाराच्या खाली आता कुणी नसते, फक्त माझा विद्यार्थी असतो.

२ एप्रिल २०२५ रोजी ट्रम्प यांनी जगभरच्या मालावर नवी जकात जाहीर केली, तेव्हाच्या भाषणात त्यांनी इतिहास सांगितला. त्याचा आशय असा की १९१३ पर्यंत अमेरिका जकातीवर चालत होती आणि त्या काळात ती सर्वांत श्रीमंत होती. मग १९१३ साली कुणालाही न कळलेल्या कारणासाठी प्राप्तिकर आला, आणि पुढे १९२९ ची महामंदी आली; जकातीचे धोरण टिकले असते तर ती आलीच नसती.

हे वाचून मी थबकलो, कारण १९१३ हे साल आपल्या चळवळीच्या माणसाला दुसऱ्या कारणासाठी पाठ असते. त्या वर्षीच्या जुलैत बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला उतरले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९१३ रोजी, अध्यक्ष विल्सन यांनी अंडरवुड कायद्यावर सही केली. त्या एकाच कायद्याने जकात खाली आणली आणि प्राप्तिकर बसवला. ज्या कारणांचा कुणाला पत्ता नाही असे २०२५ चे अध्यक्ष म्हणाले, ती कारणे ज्याने आयुष्यभर मांडली तो माणूस कोलंबियातच शिकवत होता. त्याचे नाव प्रा. एडविन सेलिग्मन. प्राप्तिकरावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला होता. हेच सेलिग्मन बाबासाहेबांचे गुरू, आणि १९२५ साली लंडनहून निघालेल्या बाबासाहेबांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील प्रबंधाला प्रस्तावना आहे ती त्यांचीच.

कारण साधे होते. जकात ही वस्तूवर बसते, म्हणजे ती पोटावर आणि अंगावरच्या कापडावर बसते. लखपती काही मजुराच्या शंभरपट साखर खात नाही की शंभरपट सदरे घालत नाही, त्यामुळे जकातीचा भार गरिबाच्या मिळकतीवर जास्त पडतो. प्राप्तिकर मात्र ऐपत पाहून घेतला जातो. १९१३ च्या कायद्यात तीन हजार डॉलरपर्यंतच्या उत्पन्नाला हा कर लागूच नव्हता, म्हणजे बहुसंख्य अमेरिकन माणसांना तो लागला नाही. राज्याच्या खर्चाचे ओझे खालच्या खांद्यावरून थोडे तरी वरच्या खांद्यावर सरकवायचे, असा त्या बदलाचा अर्थ होता. ते ओझे पुन्हा खाली सरकवायचे असेल तर आधी १९१३ चे कारण विसरावे लागते.

पण विल्सन यांची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. त्याच १९१३ साली त्यांच्याच सरकारने टपाल आणि खजिना खात्यांत काळ्या नोकरांना वेगळे बसवायला सुरुवात केली. वेगळी टेबले, वेगळी भोजनगृहे, मध्ये पडदे. गरिबाच्या सदऱ्यावरची जकात उतरवणारा अध्यक्ष काळ्या कारकुनासाठी स्वतंत्र शौचकूप बांधून घेत होता. आपल्याकडचे पुरोगामी अर्थशास्त्र वाचताना मला हा पडदा नेहमी आठवतो.

आता हूव्हर. १९२८ च्या निवडणुकीत त्यांनी शेतकऱ्याला जकातीचे संरक्षण देऊ म्हणून सांगितले होते. विधेयक संसदेत गेले आणि जो तो आमदार-खासदार आपापल्या कारखानदाराची वस्तू त्यात घुसवू लागला. शेतकरी राहिला बाजूला. एक हजार अठ्ठावीस अर्थशास्त्रज्ञांनी सही करू नका म्हणून लेखी विनवले. १७ जून १९३० रोजी हूव्हर यांनी सही केली. कॅनडा, युरोप यांनी उलट जकाती बसवल्या. १९२९ ते १९३४ या काळात जगाचा व्यापार किमतीच्या हिशेबात सुमारे दोन-तृतीयांशाने आटला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शेअरबाजार कोसळला तो ऑक्टोबर १९२९ मध्ये, जकातीचा कायदा झाला त्यानंतर आठ महिन्यांनी. म्हणजे जकातीने मंदी आणली हे म्हणणे खरे नाही. आलेल्या मंदीला तिने खोल खड्ड्यात ढकलले. उलट बाजूही तितकीच खोटी आहे. १९२२ साली हार्डिंग यांच्या कारकिर्दीत जकात पुन्हा उंच झालीच होती, तरी १९२९ टळले नाही. मॅकिन्ले यांच्या नावाची उंच जकात १८९० ची, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी १८९३ चा मोठा आर्थिक कोसळा आला. २००८ ची मंदी तर जकात अगदी खाली असताना आली. जकात चढवून मंदी टळत नाही, आणि उतरवूनही टळत नाही. तिची मुळे मालकी, नफा आणि कर्ज यांच्या व्यवहारात आहेत. जकातीने एवढेच ठरते की धक्का कुणाच्या अंगावर लवकर आणि किती जोराने येईल.

१९३० चा धक्का कुणाच्या अंगावर आला? अमेरिकेत काळ्या मजुरांमध्ये एक म्हणच होऊन बसली की आपल्याला घेतात सर्वांत शेवटी आणि काढतात सर्वांत आधी. १९३३ पर्यंत तिथे चारांतला एक कामगार बेकार होता. काळ्या वस्त्यांत हे प्रमाण कितीतरी अधिक. मग रूझवेल्ट आले. त्यांनी १९३४ च्या कायद्याने देशादेशांशी बोलणी करून जकात उतरवण्याची वाट उघडली, आणि १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षा व संघटनेचा हक्क देणारे कायदे केले. या कायद्यांचे गुणगान मीही वर्गात केलेले आहे. पण त्यांतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, आणि दक्षिणेकडची बहुसंख्य काळी माणसे याच दोन कामांत होती. जात न लिहिता जात कशी पाळता येते याचा हा नमुना आहे. आपल्याकडे 'ठेकेदाराचा माणूस' म्हटले की तेच साधते.

आणि हिंदुस्थानात? १९३१ च्या सुमारास शेतमालाचे भाव निम्म्यावर आले होते. सारा आणि सावकाराचे व्याज मात्र रोख आणि पूर्वीइतकेच होते. घरातले किडूकमिडूक सोने मोडून लोकांनी सावकार भागवले आणि ते सोने बोटी भरभरून विलायतेला गेले. सोने मोडले ते ज्याच्याकडे सोने होते त्याने. बलुत्यावर जगणाऱ्या महार-मांगाच्या घरात मोडायला काय होते? शेतकऱ्याच्याच हाती पैसा नाही म्हटल्यावर त्याच्या खळ्यावर उभे राहणाऱ्याच्या पदरात किती पडत असेल, याचा हिशेब कुठल्या आयोगाने ठेवला नाही. १९३० च्या नोव्हेंबरात बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेत जाऊन बसले तो या मंदीचाच काळ. परिषदेचा इतिहास आपण राखीव मतदारसंघांपुरता वाचतो. तिच्याभोवतीचा कोसळलेला बाजार आपल्या अभ्यासवर्गांत कधी येत नाही. हा दोष माझ्याही अभ्यासवर्गाचा आहे.

जकातीला सरसकट शिव्या घालणाऱ्यांनी आमच्या शहराकडे एकदा नीट पाहावे. हे शहर जकातीच्या भिंतीआड वाढले. जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये विलायती यंत्रांच्या स्वस्त मालाने इथले साळी-कोष्टी कसे उपाशी मरतात ते लिहिले. मोकळ्या व्यापाराची ती पहिली फिर्याद म्हटली तरी चालेल. स्वातंत्र्यानंतर बाहेरचा माल अडवून इथे कारखाने उभे राहिले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, पाठोपाठ देशी पेनिसिलिन निघू लागले. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ झाले. भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळावर शेड उभ्या राहिल्या. बाहेरची स्कूटर येऊ शकत नव्हती म्हणून आकुर्डीच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत.

त्या भिंतीच्या आत आम्हाला काय मिळाले? माझे वडील बहात्तरच्या दुष्काळात उस्मानाबाद जिल्ह्यातून निघाले. आधी दुष्काळी कामावर खडी फोडली, त्र्याहत्तर साली पिंपरीला आले आणि एका फाउंड्रीत लागले. फाउंड्रीत पॅटर्नशॉप असते, मशीनशॉप असते आणि फेटलिंग असते. ओतलेल्या तापलेल्या कास्टिंगची वाळू झाडायची, कडा घासायच्या, ते फेटलिंग. तिथे धूळ अशी की समोरचा दिसत नाही. वडिलांच्या फेटलिंगमध्ये बहुतेक सगळी माणसे मराठवाड्यातली, आणि आडनावे विचारली तर आमचीच. पॅटर्नशॉपमध्ये वेगळी आडनावे. भिंत देशाभोवती होती, तशी ती कारखान्याच्या आतही होती. मात्र वडील कायम झाले. प्रॉव्हिडंट फंड, आजारपणाचा विमा, आणि खराळवाडीतल्या पत्र्याच्या खोलीऐवजी पुढे दोन खोल्या. शेजारच्या सरकारी कारखान्यात तर राखीव जागा होत्या. त्या एका नियमाने पिंपरीत दलितांची पहिली मध्यमवर्गीय पिढी उभी केली. मी शिकलो तो भिंतीआडच्या त्या पगारावर. म्हणून मोकळ्या व्यापाराचे कीर्तन माझ्या तोंडून कुणाला ऐकायला मिळणार नाही.

त्या काळात अमेरिकेची जकात आमच्या गावापर्यंत पोचतच नव्हती. १५ ऑगस्ट १९७१ रोजी निक्सन यांनी एका रात्रीत जकातपात्र आयातीवर दहा टक्के अधिभार लावला आणि डॉलरचा सोन्याशी असलेला संबंध तोडला. डिसेंबरात अधिभार काढूनही घेतला. पिंपरीतल्या कुठल्या गेटवर त्याने एक पास गेला असेल असे मला वाटत नाही. १९८३ साली रेगन यांनी हार्ले-डेव्हिडसनला वाचवण्यासाठी मोठ्या मोटारसायकलींवर पंचेचाळीस टक्के जादा जकात बसवली. त्याची झळ जपानला लागली. आम्ही तेव्हा अमेरिकेला मोटारसायकली विकतच नव्हतो.

१९९१ नंतर आमची भिंत उतरली. दुसऱ्याच्या घरात माल विकायला निघालो की त्याच्या दाराची चौकट आपल्याच डोक्याला लागते. पेनिसिलिनचा स्वस्त चिनी माल आला आणि पिंपरीचा सरकारी कारखाना आजारी पडला, त्याबरोबर राखीव जागाही. दुसरीकडे १९९९ पासून चाकणला मोटारसायकली निघू लागल्या, पुढे जर्मन मोटारींचे कारखाने आले. कांद्याच्या बाजाराचे गाव मोटारींचे झाले. या नव्या खाजगी कारखान्यांत राखीव जागा नाहीत, आणि कुणाची किती माणसे आत आहेत हे मोजलेही जात नाही.

जनरल मोटर्सची गोष्ट तर कुणी रचून सांगितल्यासारखी वाटावी. या अमेरिकन कंपनीने मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला १९२८ साली. पुढच्या वर्षी महामंदी आली. तिने तळेगावला कारखाना सुरू केला सप्टेंबर २००८ मध्ये. त्याच महिन्यात लेहमन बँक बुडाली. नऊ महिन्यांत ती कंपनी स्वतःच दिवाळखोरीच्या अर्जावर आली. बुश यांनी सुरू केलेली आणि ओबामा यांनी वाढवलेली सरकारी मदत घेऊन ती तरली. अमेरिकेच्या खजिन्याने डेट्रॉइटला हात दिला, तळेगाव मात्र त्या हाताच्या टप्प्यात नव्हते. २०१७ च्या अखेरीस कंपनीने इथली विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन बंद झाले. ज्या तळेगावात बाबासाहेबांनी बंगला घेतला होता, त्याच तळेगावातल्या कामगारांनी मग वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या.

ट्रम्प यांची पहिली फेरी २०१८ ची. पोलादावर पंचवीस, ॲल्युमिनियमवर दहा टक्के, आणि जून २०१९ मध्ये भारतीय मालाची जुनी सवलत बंद. दुसरी फेरी त्याहून मोठी. ३ मे २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर पंचवीस टक्के. जूनमध्ये पोलाद आणि ॲल्युमिनियम पन्नास टक्क्यांवर. २७ ऑगस्टपासून बाकीच्या बऱ्याच भारतीय मालावर एकूण पन्नास, त्यांतले निम्मे रशियाचे तेल घेतल्याचा दंड म्हणून. १ नोव्हेंबरपासून जड ट्रक आणि त्यांच्या भागांवर पंचवीस. पुढे बोलणी होत राहिली, दर खालीवर झाले. पुणे पट्ट्यातले क्रँकशाफ्ट, ॲक्सल, गिअर हा माल अमेरिकेच्या ट्रकांत जातो, म्हणून हा घाव इथे लागला. हूव्हर यांनी निदान संसदेला विचारले होते. २०२५ मध्ये एका माणसाच्या सहीने महिन्यामहिन्याला दर बदलत होते. अशा अनिश्चितीत मालक काय करतो? यंत्र विकत नाही, जागा सोडत नाही. ज्याला सोडायला कागद लागत नाही त्याला आधी सोडतो.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात डॉलर नव्वद रुपयांवर गेला. निर्यातदारांपैकी काही जणांनी समाधान मानले, की रुपया घसरला म्हणजे जकातीचा मार थोडा भरून निघतो. यावर बाबासाहेबांनी १९२३ सालीच उत्तर देऊन ठेवले आहे. 'रुपयाचा प्रश्न' या ग्रंथात त्यांनी दाखवले की चलन घसरल्यावर निर्यातदाराला मिळणारा फायदा बाहेरच्या देशाकडून येत नाही. किमती चढतात, मजुरी मागे राहते, आणि ती फट त्याच्या खिशात जाते. म्हणजे देशातल्या एका वर्गाचे काढून दुसऱ्याला दिलेले. वॉशिंग्टनच्या जकातीचे उट्टे निघते ते महाळुंग्याच्या मजुराच्या तेल-डाळीतून. हा ग्रंथ आपल्या किती शाखांच्या कपाटात आहे? माझ्या वस्तीतल्या वाचनालयात तो मला अजून सापडलेला नाही.

माझ्या विद्यार्थ्याने आपले सगळे दिवस एका वहीत लिहून ठेवले होते. मोजले तर दोनशे एकतीस भरले. दोनशे चाळीस भरले की वर्षाची सलग सेवा धरली जाते आणि ले-ऑफची निम्मी मजुरी, नोटीस, भरपाई असे हक्क मागता येतात. जकात नसती तरी नऊ दिवसांच्या आत त्याला ब्रेक मिळालाच असता, असे मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, "मागच्या वर्षी दोनशे चौतीसला दिला होता सर. तेव्हा ट्रम्प कुठं होता?" २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या कामगार संहिता लागू झाल्या; कामगार कमी करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर जकातीची बोलणी होती.

जानेवारीत त्याला परत बोलावले. तेच मशीन, तेच गेट, ठेकेदार दुसरा. नव्या पासावर नवा नंबर होता. वही मात्र त्याने जुनीच ठेवली आहे. तिच्यात नवे पान काढून त्याने वर 'दिवस १' असे लिहिले.